दगडी डोणीतला समुद्र

माणसावर धरावा तसा गंजावर राग धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझे सख्खे चुलते, तात्या. तरुणपणी तात्या मुळशीच्या धरणावर लोखंडी दारं खरवडून त्यांना रंग द्यायच्या कामावर होते. एका टोकापासून रंगवत दुसऱ्या टोकाला पोचावं, तोवर पहिल्या टोकाला पुन्हा तांबूस ठिपके उठलेले असायचे. हा अपमान ते म्हातारपणीही विसरले नव्हते. कुणाच्या घरी गेले की चहाच्या आधी दाराची कडी नखानं खरवडून बघत. माझ्या लग्नात सासऱ्यांनी हौसेनं दिलेली पत्र्याची ट्रंक त्यांनी मांडवातच उलटी केली, बुडावरून बोट फिरवलं आणि भर पंगतीत सांगितलं, "पोरगी चांगली हाय. ट्रंक दोन पावसाळं काढंल." सासरे हसले म्हणून निभावलं. गावचा लोहार तर तात्यांना लांबून बघूनच भाता सोडून मागच्या दारानं निघून जाई, कारण तात्या त्याला त्यानंच घडवलेल्या विळ्याचं मरण सांगत.

माझी बायको घाटाखालची, अगदी समुद्राकाठच्या गावची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिचे वडील वारले. आई आधीच गेली होती. एकुलत्या भावानं घराला कुलूप घातलं आणि तो नोकरीसाठी मुंबईला गेला. ती दळण, पाणी, स्वयंपाक सगळं करायची, पण बोलायची थांबली. विचारलं तर हो किंवा नाही, एवढंच. बायामाणसं म्हणायची, चार दिवस माहेरी धाडा म्हणजे मन रमेल, आणि बोलून झाल्यावर जीभ चावायची. मी सकाळी भातखाचरात जायचो तो अंधार पडल्यावर परतायचो. काम होतंच, पण खरं कारण ते नव्हतं. त्या गप्प बसण्याची मला भीती वाटायची. ही भीती तात्यांना नव्हती. एका संध्याकाळी ओट्यावर तंबाखू मळता मळता ते म्हणाले, "तिला तितं न्हेऊन उपेग न्हाई, घराला कुलूप हाय. मग समुद्रच हितं आणू."

मला ती थट्टा वाटली. पण घाट चढून सुकी मासळी विकायला येणाऱ्या माणसाच्या बैलावर पुढच्या खेपेला रॉकेलचे दोन डबे लादून आले, त्यात समुद्राचं पाणी होतं. वर येईतो ते डब्यांच्या गंजानं चहासारखं लाल झालं होतं आणि त्याला रॉकेलचा वास होता. गावात हशा पिकला. समोर एवढं धरण भरलंय आणि म्हातारा खारं पाणी मागवतोय, असं जो तो म्हणे. तात्या मात्र खुलले. त्यांचा जुना वैरी त्यांना अंगणात भेटायला आला होता. "गोड्या पाण्यानं दारांची ती गत केली. ह्यो तर गंजाचा बाप हाय," ते म्हणाले, आणि समुद्र कशात टिकेल ते बघायला घरातले सगळे कप त्यांनी पडवीत ओळीनं मांडले. एकात खिळा, एकात बिजागरी, एकात बादलीचा कान, एकात शिशाचा तुकडा, आणि सगळ्यांत मिठाचं पाणी. पाहुण्यांना चहा तांब्यातून मिळू लागला. रोज सकाळी तात्या त्या कपांपुढे उकिडवे बसत आणि गावातल्या आजाऱ्यांची खबर द्यावी तसं मला सांगत, "खिळा गेला रातीच. बिजागरीचं काय खरं न्हाई."

समुद्र ठेवायला पेटी हवी म्हणून आधी त्यांनी लोखंडी चौकटीत काचा बसवल्या आणि चौकटीला धरणाच्या दारांना देत तसा रंगावर रंग दिला. गंज रंगाच्या आतून आला. तेव्हा त्यांना आजोबांचा तांब्याचा हंडा आठवला. तांब्यातलं पाणी शुद्ध, ते देवाला चालतं, माणसाच्या पोटाला चालतं, मग माशाला का चालू नये? हंड्याला आतून कल्हई झाली. मासळीवाल्यानं ओल्या शेवाळात गुंडाळून थोड्या निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले लहान मासे, आणि शंखात राहणारे खेकडे आणले. ते हंड्यात सोडताना तात्यांनी डोक्यावरची टोपी उतरवून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी एकही हलत नव्हता. कल्हई जिथं विरळ लागली होती तिथं तांब्यावर हिरवी रेघ उमटली होती. "गंगेला तांबं चालतं, समुद्राला न्हाई," एवढंच म्हणून ते दिवसभर जेवले नाहीत. हे सगळं कुणासाठी चाललंय ते त्यांनी तिला सांगितलं नव्हतं, मलाही सांगू दिलं नव्हतं. ती मुकाट्यानं कप ओलांडून झाडत असे.

पुढच्या खेपेचे जीव त्यांनी चिनी मातीच्या बरणीत ठेवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून पळीनं पाणी उचलून वरून सोडायचं आणि पळी तशीच आत ठेवायची. पळी लोखंडाची होती. हाताशी दुसरं काही नव्हतं, एवढंच कारण. मी बैल बांधून आत येत होतो. बायको चुलीपासून उठून उंबऱ्याशी आली. सासऱ्याच्या जागी असलेल्या माणसापुढे आमच्याकडे सून तोंड उघडत नाही. तिनं पदर नीट केला आणि म्हणाली,

"मामंजी, लोणच्यात कुणी लोखंडी पळी ठेवतं का?"

तात्यांनी मान वळवली नाही. अंगणात उतरलेलं पाखरू उडू नये म्हणून माणूस बोलतो तसं, अगदी हळू, त्यांनी विचारलं, "मग कशाची ठेवत्यात, पोरी?"

"लाकडाची. आणि बरणी पुरणार नाही त्यांना, दगड हवा. आमच्याकडं समुद्रात दगडच टिकतो. तांब्याच्या हंड्यात मासे! लहान पोर तरी ठेवील का?"

ती बोलतच राहिली. मागे चुलीवर दूध उतू गेलं, तरी थांबली नाही. इतके महिने साठलेलं सगळं तिनं त्या लोखंडी पळीवर काढलं, आणि तात्या आशीर्वाद घ्यावा तसे खाली मान घालून ते ऐकत होते.

गोठ्यातली गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी घासून पडवीत आली. वरची झाकण-फळी लाकडी खुंट्या ठोकून जोडली, तिनं एक खिळा लावू दिला नाही. तरी तात्यांना रुखरुख होती. "काच पायजे व्हती. बाजूनं दिसलं असतं," ते म्हणाले.

"बाजूनं कोण बघतं समुद्र?" ती म्हणाली. "ओहोटी लागली की खडकातल्या डबक्यात वाकूनच बघायचं. बाबा असंच दाखवायचे." वडील गेल्यापासून तिच्या तोंडून बाबा हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. ती डोणीवर वाकली, समोरून तात्या वाकले. खेकडा वाढला की जुना शंख सोडून मोठा कसा शोधतो, ते ती त्यांना सांगत होती, आणि ते इतके मन लावून ऐकत होते की त्यांची टोपी पाण्यात पडली. ती हसली. मीही मग पुढे होऊन वाकलो.

तात्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आमच्या घरात आभार मानायची रीत नाही, त्यामुळे मी ते कधी मानले नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर मी त्यांच्या खोलीच्या कडीला तेल लावतो, तेवढंच. डोणी पुन्हा गोठ्यात गेली आहे. गुरं पाणी प्यायच्या आधी तिचा काठ चाटतात. दगडात अजून मीठ उरलंय की त्यांना नुसती सवय लागली आहे, मला ठाऊक नाही. बायको मात्र दारातून बघते आणि मला हाक मारून म्हणते, "या, बघा. गुरं माझ्या माहेरी निघालीत."