पाखरांच्या मंडळात आत्या

माझी आत्या शिवणकाम करते, आणि गेली काही वर्षं मुख्यतः स्तन शिवते. हे वाक्य मी एकदा नातेवाइकांत उच्चारलं, तेव्हा दोन काका एकदम पंखा मोठा करायला उठले. आत्याला त्यात कुजबुजण्यासारखं काही वाटत नाही. गाठीपायी तिचा डावा स्तन काढावा लागला. घरी आल्यावर तिने अस्तराच्या कापडाचा एक शिवला, आत कापूस भरला. पण कापूस हलका. हात वर केला की स्वारी थेट खांद्याकडे निघायची. मग तिने पाखरांना घालतात ते बारीक धान्य भरलं. वजन आलं, स्वारी जागेवर बसली.

तेव्हापासून ती अशा इतर बायकांसाठीही शिवू लागली. पण या बायका पत्ता विचारत फिरत नाहीत. दार लावून मोबाइलवर शोधतात. म्हणून आत्याने, जिथे सगळ्या जगाचं खातं असतं त्या मोठ्या साइटवर फोटो टाकले. चहा गाळेपर्यंत फोटो गायब. कारण काय, तर अश्लील. आत्याने कळवलं की बाबांनो, हे कापड आहे. उत्तर आलं, तेही यंत्राचंच, की आम्ही पुन्हा तपासलं, अश्लीलच आहे. अस्तर बघून ज्याचं मन चळतं त्याला आधी कामधंद्याला लावा, असं आत्याचं मत पडलं.

आत्याचे जावईबापू कॉम्प्युटरवाले. त्या वस्तूला 'आयटम, आयटम' म्हणत त्यांनी तोडगा काढला : दोन बटणांचे डोळे आणि लोकरीची मिशी. फोटो टिकला. नुसता टिकला नाही, धावला. लोकांनी बदाम उधळले, कुणी बाळाच्या खोलीसाठी टोपीसकट मागणी नोंदवली. जावईबापू हवेत.

मग एका बाईचा फोन आला. नुकतंच ऑपरेशन झालेलं, दवाखान्यात आत्याबद्दल ऐकलेलं. तुमच्या पानावर तर खेळणी दिसतायत, माझीच काहीतरी चूक झाली, असं म्हणून तिने फोन ठेवला. नंबर लपवलेला. आत्या कात्री घेऊन मिशी उसवायला बसली.

"जावईबापू, तुम्हाला लाज वाटत असेल तर बाहेर बाकावर बसा. मी बाहुल्या विकत नाही."

वाट सापडली ती धान्याच्या दुकानात. दुकानदाराला सगळे पोपटवाले म्हणतात. धान्य मापता मापता त्यांनी समजावलं की इंटरनेटवर छोट्या छोट्या घरांचीही एक वस्ती आहे. प्रत्येक घराचा सर्व्हर आपला, नियम आपले, पण दारं एकमेकांकडे उघडी. त्यांच्या घरात पाखरं पाळणाऱ्यांचं मंडळ राहतं, आणि सर्व्हर गोदामात पोत्यांमागे गुरगुरत असतो. या आमच्याकडे, म्हणाले. धान्य तर तेच.

पोपटांच्या रांगेत आत्याचा फोटो लागला आणि मंडळात कलकलाट झाला. कबुतरं पाळणारे एक गृहस्थ म्हणाले, नियम पाखरांचा आहे, आज हे चालवलं तर उद्या काय? कुणी म्हणालं, आपणही कात्रीच चालवायची तर वेगळं घर थाटलं कशाला? त्यावर तिसऱ्याने विचारलं, मग कुणीही येऊन घाण टाकली तर बघत बसायचं? पोपटवाले घाम पुसत म्हणाले, मतं घेऊ. आत्याने दोनच ओळी लिहिल्या :

"नियम करा, मी पाळीन. पण तो माणसाने, नीट बघून करावा. डोळे मात्र मी लावणार नाही."

मतदान सुरू होणार, तोच कबुतरवाल्यांच्याच खात्यावरून मजकूर आला : "मी यांची बायको. मला उजवा हवा आहे. माप कसं द्यायचं?"

मतदान झालंच नाही. दोन दिवसांनी कबुतरवाले बायकोला घेऊन आत्याकडे आले आणि न सांगता बाहेरच्या बाकावर, जावईबापूंच्या शेजारी जाऊन बसले. आत मापं चालली होती. बायकोच्या हसण्याचा आवाज बाहेर येत होता.

आता या वस्तीत आत्याला दूरदूरच्या घरांतून विचारणा येते. तरी रोज सकाळी ती मोठ्या साइटवर फोटो टाकते, आणि रोज तो काढल्याचं तिथून कळवतात. काम भरपूर आहे, मग हा उद्योग कशाला, असं जावईबापूंनी विचारलं.

"ती फोन ठेवलेली बाई तिथेच शोधणार," सुईत दोरा ओवत आत्या म्हणाली. "त्यांना काढू दे. मी लावते. बघू कुणाचा हात आधी दुखतो ते."