खरं बोलणारा डबा

आमच्या हायब्रीड गाडीला सर्व्हिस सेंटरची भीती वाटते, असं मी सलग दीड महिना लोकांना सांगत होतो. दुसरं कारणच दिसत नव्हतं! रस्त्यावर अर्धा तास धावली की समोर लाल अक्षरं पेटायची: हायब्रीड सिस्टीममध्ये बिघाड, गाडी थांबवा. आणि गोरेगावच्या सर्व्हिस सेंटरच्या दारातून आत शिरली की चिडीचूप. पाहुण्यांसमोर बसवलेल्या शहाण्या पोरासारखी!

मी साकीनाक्याला हातगाडीवर बादल्या विकून सुरुवात केलेला माणूस. आज तिथेच माझा खोक्यांचा कारखाना आहे. कुणी मला फसवतंय असं वाटलं की मला झोप येत नाही (आणि घरात कुणाला येऊ देत नाही). त्यात गावची जत्रा तोंडावर आलेली. गाडी सुधारली नाही, तर मला माझ्या मेव्हण्याच्या, म्हणजे दिलीपच्या गाडीत मागच्या सीटवर बसून कणकवलीपर्यंत जावं लागणार होतं. हायब्रीड घेऊ नका म्हणून ज्याने मला बजावलं होतं, तो दिलीप! दहा तास त्याचं "भाऊजी, मी बोललो होतो ना?" ऐकण्यापेक्षा मी चालत गेलो असतो.

सर्व्हिस सेंटरमधला इंजिनिअर प्रत्येक वेळी लॅपटॉप जोडायचा आणि मान हलवायचा.

"साहेब, कंट्रोल मॉड्यूलच्या, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या डब्याच्या मेमरीत बॅटरी तापल्याचा कोड आहे. पण आता तर बॅटरी थंड आहे. बाहेरून काही लावून घेतलंय का गाडीत?"

"एक स्क्रूसुद्धा नाही!" मी टेबलावर हात आपटला.

(सीट कव्हरं बाहेरून घातली होती. पण कव्हरांना स्क्रू कुठे असतो? मालाडच्या दुकानदाराशी दोन तास घासाघीस करून गाडीच्या मॅट घेतल्यावर फुकट मिळवलेली, जाडजूड, डबल शिलाईची कव्हरं होती ती! वॉरंटी रद्द करायला या लोकांना निमित्तच हवं असतं, म्हणून गोरेगावला जाण्याआधी मी ती काढून घरी ठेवायचो आणि परत आलो की पुन्हा चढवायचो. माझ्यासारख्या माणसाला कोण पकडणार?)

तिसऱ्या खेपेला इंजिनिअर म्हणाला, "मग कंट्रोल मॉड्यूलच चुकीचं रीडिंग देत असणार. वॉरंटीत बदलून देऊ. पार्ट यायला तीन आठवडे."

"जत्रा आठ दिवसांवर आहे!"

"जत्रेचं आमच्या हातात नाही, साहेब."

मी असा काही भडकलो की शेजारच्या काउंटरवरच्या माणसाने माझ्यासाठी पाणी मागवलं. पाणी प्यालो आणि तिथून निघालो. दुसऱ्या दिवशी गाडी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, गावडे मेकॅनिककडे नेली. तो आमच्याच तालुक्यातला. त्याच्याकडे वॉरंटीची भानगड नव्हती, त्यामुळे कव्हरं काढायचीही गरज नव्हती. बरोबर बायको होती. मी कुणाशी भांडू नये म्हणून सुनीता हल्ली बरोबर येते.

"मॉड्यूल गेलंय," मी त्याला उतरता उतरताच सांगितलं. "गाववाला आहेस, नीट भाव लाव!"

गावडेने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला, आकडे वाचले आणि माझ्याकडे बघितलं.

"काकानु, ह्यो डबो खोटा बोलणा नाय. बॅटरी खराच तापता. जाळी खंय आसा?"

"कसली जाळी?"

तो मागच्या सीटकडे गेला. सीटच्या कडेला हात फिरवला आणि कव्हराचं टोक उचललं. खाली बॅटरीला थंड हवा ओढून देणारी जाळी होती. दीड महिना कव्हरं काढता-घालताना मी तिच्याकडे एकदाही लक्ष दिलं नव्हतं.

"काकानु, तुमी बॅटरीच्या नाकार उशी धरलात!"

मी कव्हराचं टोक पुन्हा खाली ओढलं. सुनीता पुढे वाकली.

"म्हणजे गोरेगावला कव्हर काढून जायचात, तेव्हा ही श्वास घ्यायची?"

"तसंच असेल."

"आणि तिथून आल्यावर तुम्ही स्वतःच्या हाताने पुन्हा..."

"सुनीता, पुरे."

गावडेने जाळीपुरतं कव्हर कापायला ब्लेड काढलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे अरे, डबल शिलाई आहे ती!" सुनीताने त्याच्या हातातून ब्लेड घेतलं आणि चौकोन स्वतः कापला. टरकन!

जत्रेला आमच्याच गाडीने गेलो. दिलीपलाही आग्रह करून मागे बसवला (मुद्दाम). पनवेलच्या पुढे गाडी चालवता चालवता आरशात पाहिलं, तर त्याची बॅग त्या चौकोनावर.

"दिलीप! बॅग उचल! आधी उचल!"

"अहो भाऊजी, एवढं काय? गाडीत शेवटी बिघडलं तरी काय होतं?"

"कंट्रोल मॉड्यूल," मी ठासून सांगितलं.

"हो," सुनीता खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आणि तेच अजून गाडी चालवतंय. त्याची वॉरंटी लग्नातच संपली रे, बदलून नाही मिळत."