एका नाकाला दोन भुली

“काही दिसत नाही, अण्णा, नुसतं लाल दिसतंय,” सर्जन ओरडत होता. दुर्बीण आचाऱ्याच्या डाव्या नाकपुडीत आणि आवाज थेट शेजारच्या आडुतुरै गावापर्यंत. आम्ही दोघं कुंभकोणमच्या जुन्या मराठी घरांतले. बाहेर तमिळ, पण रागवायचं घरच्या मराठीत, म्हणजे सिस्टरना कळायला नको. सिस्टरना एव्हाना आमच्या सगळ्या शिव्या पाठ होत्या.

भूल देणारा मी. त्या दिवसाची सहावी केस, माझे पाय देवळाच्या खांबांएवढे सुजलेले. हॅलोथेनचा वायू चालू होता. वर्षानुवर्षांच्या सवयीचा, पण त्यानं रक्तवाहिन्या सैलावतात. पोट कापताना ते खपून जातं. नाकातल्या दुर्बिणीपुढे मात्र एका थेंबानं कावेरीला पूर येतो, आणि पातळ हाडापलीकडे डोळा असतो.

पट्ट्या कोंबकोंबून त्यानं डावी बाजू कशीबशी उरकली. म्हणाला, “असंच वाहणार असेल तर उजवीला मी हात लावत नाही.”

तसं करून भागणार नव्हतं. आचारी पेरुमाळच्या, म्हणजे विष्णूच्या, देवळातला. देवाआधी नैवेद्य चाखायचा नाही, म्हणून सगळा स्वयंपाक वासावर. मीठसुद्धा तो वासानं ओळखायचा, मी शपथेवर सांगतो. नाकात मांसाचे कोंब वाढले, वास गेला, नैवेद्याचा पोंगलभात तीनदा करपला. देव काही बोलला नाही, पण मेहुणा त्याच्या जागेवर टपून झारा मागू लागला.

कपाटात मद्रासहून आणलेलं भुलीचं नवं औषध, प्रोपोफॉल, होतं, दुधासारखं पांढरं. लग्नातल्या चांदीसारखं जपलेलं. वायू बंद केला आणि ते शिरेतून सोडलं. पंप कुठला असायला. घड्याळाकडे बघत थेंब मोजत बसलो. लाखभर तरी मोजले. डोळे मिटत होते, कोणाला भूल दिलीय तेच कळेना. हळूहळू नाडी संथ झाली, लाल ओसरलं, सर्जन उजवीत शिरला आणि गप्प झाला. त्याच्याकडून एवढीच दाद मिळते.

पुढे महिनाभर मी त्या उजव्या नाकपुडीची कीर्ती गावभर सांगत हिंडलो. मग आचारी तपासणीला आला. टेबलावर माझी कॉफी निवत होती.

“खरं सांगा, कुठली बाजू सरस? उजवीच ना?”

त्यानं एक नाकपुडी दाबली, मग दुसरी. दोन्ही वेळा सावकाश श्वास घेतला.

“दोन्ही सारख्याच, सार. दूध करपलंय.”