अकरा मीटरची चिठ्ठी

माझी मावशी नाकावर माशी बसू देत नाही. बत्तीस वर्षं बटणांच्या दुकानात आहे. गिऱ्हाइकाला मोरपंखी आणि हिरव्यातला फरक कळला नाही, तर त्याला दंडाला धरून उजेडात नेते. सकाळी खुर्चीत बसली की आधी चपला काढून टेबलाखाली सारायच्या, मग कामाला हात. त्या दिवशी मात्र चपला पायातच होत्या आणि पिशवी मांडीवर.

मालकांनी सांगूनच टाकलं होतं, "बटणांच्या तीनशे बारा खणांवर लावायच्या, रंगांच्या नावांच्या नव्या चिठ्ठ्या बारापर्यंत छापून द्या. नाहीतर उद्यापासून बाहेरचे कॉम्प्युटरवाले येतील. तुम्ही घरी आराम करा." आराम म्हणे! मी तिच्या मदतीला आले होते, ऐकून माझं डोकंच फिरलं.

रंगांची नावं दुकानाच्या वेबसाइटच्या कोडमध्ये होती. रंग="मोरपंखी", रंग="शेवाळी", सगळं एकाच लांबलचक ओळीत, मधे हजार भानगडी. म्हणून मी तिला रेग्युलर एक्स्प्रेशन शिकवलं. आपण नमुना द्यायचा, त्यात बसेल तेवढं कॉम्प्युटर उचलून देतो. मावशीने लिहिलं रंग="(.*)", म्हणजे अवतरणचिन्हांमधलं काय असेल ते दे. आणि न तपासता थेट छापायला सोडलं. तिला कुठला धीर!

प्रिंटरच्या रिळावरून चिठ्ठी निघाली. निघतच राहिली. काउंटरवरून खाली, दारापर्यंत, तिथून वळून परत आत.

"अगं, थांबव की!" मी ओरडले.

"मी थांबवतेय गं, तेच मेलं थांबत नाही!"

अख्खं दुकान एका चिठ्ठीवर! मी मोजली, अकरा मीटर. हसून हसून आमची पुरेवाट झाली. साडेअकरा वाजले होते तरी हसू आवरेना.

मावशीने चिठ्ठीची दोन्ही टोकं हातात धरून पाहिली. "हावरट आहे हा नमुना! पहिल्या अवतरणचिन्हापासून सुटला तो थेट शेवटच्यावर थांबला."

"मग ताऱ्यापुढे प्रश्नचिन्ह टाक. लगेचच्या अवतरणचिन्हावर थांबेल."

रंग="(.*?)". टक. मोरपंखी. टक. शेवाळी. तीनशे बारा सुट्या चिठ्ठ्या! मावशीने चक्क गिरकी घेतली.

बाराला मालक आले, त्या लांब चिठ्ठीत पाय अडकून पडता पडता वाचले. गठ्ठा चाळला, चार खण उघडून रंग ताडून पाहिले आणि त्या बाहेरच्या कॉम्प्युटरवाल्यांना फोन लावला. "उद्या येऊ नका. आमच्याकडे माणूस आहे."

मावशी खुर्चीत बसली आणि चपला काढून टेबलाखाली सारल्या.