फेरात सगळ्यांची नावं

त्या वर्षी विद्यापीठाचं पत्र आलं, की प्रत्येक कॉलेजानं आठवडाभर निरनिराळ्या प्रांतांचे नाच आणि पाहुण्यांची व्याख्यानं ठेवावीत. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी मुरबाडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि धसईकडून एसटीनं यायचे. कॉलेजाला हॉल नव्हता. आम्ही पटांगणात मांडव घातला, टेबलं जोडून स्टेज केलं आणि अख्खा भारत नाचायला घेतला.

सिद्धगडच्या पायथ्याच्या पोरांनी आयांच्या साड्यांच्या पगड्या बांधून भांगडा बसवला. वाशिंदच्या मुलींनी कल्याणहून भाड्यानं घागरे आणले. आसामचा नाच कुणीच पाहिलेला नव्हता. भूगोलाच्या सरांकडे एका कॅलेंडरवर त्याचं चित्र होतं, तेवढंच. मुलींनी ते चित्र हुबेहूब बसवलं. म्हणजे संगीत सुरू झालं की त्या तशा उभ्या राहायच्या आणि संगीत संपलं की निघून जायच्या. टाळ्या मात्र त्यांनाच जास्त पडल्या. पाहुणेही एकेक होते. सापांवर बोलणाऱ्यांनी साप आणला नाही म्हणून मुलं नाराज झाली, आणि बँकेचे साहेब स्वयंरोजगारावर इतकं बोलले की पहिल्या रांगेतले प्राध्यापक पेंगायला लागले.

मला एकच गोष्ट खुपत होती. यादीत सगळे प्रांत होते, फक्त आम्ही नव्हतो. भादव्यात आमच्या गावच्या बायका गौरीपुढे फेर धरतात, तो नाच यात आलाच पाहिजे असा मी हट्ट धरला. कार्यक्रमाचं सगळं बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "अगं, ते घरातलं असतं. स्टेजवर काय दिसणार?" राग आला की मी फार बोलते. तेव्हाही बोलले. शेवटी कंटाळून त्यांनी परवानगी दिली. "शेवटच्या दिवशी, पाहुण्यांच्या भाषणाआधी, सात मिनिटं. आठवं मिनिट लागलं तर यापुढे हा नाच या कॉलेजात होणार नाही." मी शब्द देऊन बसले.

आई आमच्या गावच्या फेराची पुढारीण. तिला सांगितलं तर म्हणाली, "सात मिन्टात कुनाकुनाची नावं घेनार गो?"

तीच खरी अडचण होती. आमच्याकडे फेर धरला की जमलेल्या प्रत्येक माणसाचं नाव गाण्यात घ्यायचं, तेही त्याच्या आईच्या नावासकट. कुणी राहिलं तर ते माणूस वर्षभर फुगून बसतं. मी आईला समजावलं, "दोन-तीन नावं घे आनि थांब. तिथं कोन रुसनार नाय." आई "बरं" म्हणाली. तिचं "बरं" म्हणजे होकार नसतो, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी सात बायका काष्टा घालून स्टेजवर चढल्या. मध्ये गौर नव्हती, माइकचा स्टँड होता. त्याच्याभोवती त्यांनी फेर धरला आणि प्रेक्षकांकडे खुशाल पाठ केली. पहिलं नाव प्राचार्यांचं आलं. आई थबकली. "सायेब, आईचं नाव काय तुमच्या?"

प्राचार्यांना आम्ही इतके घाबरायचो की ते दिसले की वाट बदलायचो. ते खुर्चीतून उठले आणि वर्गातल्या मुलासारखं उभं राहून त्यांनी आईचं नाव सांगितलं. ते लगेच गाण्यात गेलं. मांडव नुसता हसत सुटला.

मग प्राध्यापक, एकामागून एक. तिसऱ्यालाच सात मिनिटं उलटली. मॅडमनी बाजूनं मला घड्याळ दाखवलं, मी आईला हात केला, आईनं फेरातच माझ्याकडे पाठ फिरवली. "थांबव त्यांना," मॅडम दात आवळून म्हणाल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, आता थांबलं तर राहिलेले रुसतील." त्या काही बोलणार, तेवढ्यात त्यांचंच नाव आलं. त्यांनी आपल्या आईचं नाव हळूच सांगितलं. माझ्या आईला ते ऐकू गेलं नाही, म्हणून परत मोठ्यानं सांगितलं. गाणं पुढे गेलं तेव्हा मॅडमच्या ओठांवर तेच नाव होतं. घड्याळाचं मनगट त्यांनी पदराखाली घेतलं.

घंटा देणारे शिपाई झाले, चहावाला झाला, मुलांना आईनं गावागावानं उरकलं. मुंबईहून आलेले पाहुणे सगळ्यांत मागे राहिले होते. त्यांनी आईचं नाव सांगितलं आणि न विचारताच पुढे म्हणाले, "शहापूरकडची. भात लावायची." भाषणाचे कागद त्यांनी घडी करून खिशात घातले. मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हे पहिल्याच दिवशी ठेवू." मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हातच धरला.

घरचं माणूस शेवटी घ्यायचं, अशी रीत. आईनं माझं नाव घेतलं आणि फेर अडला, कारण पुढे माझ्या आईचं नाव यायला हवं होतं. गावात ते दुसरी कुणी तरी उचलते. इथे बाकीच्या सहाजणी पदर तोंडाशी धरून गप्प राहिल्या, बघू आता काय करते म्हणून. आई लाजली, हसली. घरात तिला सगळे धाकली म्हणायचे, गावात माझ्या भावाची आई. तिनं माइक जरा जवळ ओढला आणि स्वतःचं नाव गायलं, स्वतःच्या तोंडानं, पार बाजारपेठेपर्यंत ऐकू जाईल असं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.