हाकेवर जाणाऱ्या पेशी

“नाकं मुरडू नका. ह्या पेशी आपल्यासाठी मेल्यात.” पू पसरलेली काच ट्यूबलाइटसमोर धरून ताई नव्या मुलींना हेच सांगायच्या. भांडुपच्या एका छोट्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्या मुख्य होत्या. मी त्यांच्या हाताखाली.

जखम झाली की तिथल्या पेशी काही प्रथिनं सोडतात. पांढऱ्या पेशी त्यांच्या मागावर येतात, रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, फटीतून अंग चोरून बाहेर पडतात. मग जिथे प्रथिनं दाट, तिकडे सरकत जाऊन जंतूंवर तुटून पडतात; मेल्या की त्यांचाच पू होतो. “डोळे नाहीत गो त्यांना,” ताई म्हणायच्या, “नुसत्या हाकेवर जातात.” पुस्तकातलं असूनही पुस्तकी न वाटणारं असं काही तुम्हीही कुणाकडून शिकला असाल.

एका दुपारी वरच्या मजल्यावर एक बाई दगावली. तिची पंधरा-वीस माणसं स्टंप, सळया घेऊन घुसली. वॉर्डबॉयचं डोकं फुटलं. डॉक्टर पळत आमच्याकडे आले. ताईंनी त्यांना आणि मला टेबलाखाली ढकललं आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या. सर्वांत पुढच्या माणसाला विचारलं, “कोण गेलं रे तुझं?”

“आई,” तो म्हणाला. आणि तरीही त्याने सळई हाणली.

ताई काचेच्या कपाटावर आदळल्या. उजवा हात कोपरापर्यंत फाटला. टाके घालून घेतानाच त्यांनी पोलिसांना त्याचं वर्णन दिलं. त्याला पकडा, पण मारू नका, असंही सांगितलं.

तिसऱ्या दिवशी हात सुजून लालभडक झाला, तरी त्या कामावर आल्या. लालीच्या कडेने त्यांनी पेनने रेघ मारली. संध्याकाळपर्यंत लाली रेघ ओलांडून दंडावर चढली. मग त्यांनी मला त्यांचं रक्त काढायला लावलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली काच स्वतःच पाहिली. पांढऱ्या पेशींची झुंबड होती, कितीतरी कोवळ्या, पुरत्या वाढण्याआधीच शरीराने घाईने धाडलेल्या. ताई उठल्या आणि मुलुंडच्या मोठ्या हॉस्पिटलात ॲडमिट झाल्या.

तिथल्या आयसीयूत औषधांनी जंतू आटोक्यात आले. पण ती प्रथिनं आता अंगभर सुटली होती आणि पेशी फुफ्फुसांवर, मूत्रपिंडांवर, घरच्याच माणसांवर हात टाकावा तशा तुटून पडत होत्या. श्वासासाठी घशात नळी घालण्याआधी ताई मला एवढंच म्हणाल्या, “थांबा म्हणणारं कोणी नाही गो त्यांना.”

दोन दिवसांनी त्या गेल्या.

लॅबमध्ये त्यांच्या त्या रक्ततपासणीचा फॉर्म तसाच होता, डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत भरलेला. वयाच्या रकान्यात त्यांनी तीन वर्षं कमी लिहिली होती.