आबांनी गिअरची दांडी बदलली तेव्हा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी, कळसाडीला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजय आणि मी अंगणात कुरडया वाळत घालत होतो, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप आली. आवाजावरून मी ओळखलं, तळोद्याच्या शेठजींची जीप. ती आमचे हेच चालवतात. पण वळणावर गिअर टाकताना दांडी करकरली, आणि माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. आमच्या घरचं माणूस असा गिअर टाकत नाही. दुसरा कोणी जीप घेऊन आला होता, म्हणजे ह्यांना घर सोडता आलं नव्हतं. तो परका ड्रायव्हर खाली उतरला आणि मान खाली घालून म्हणाला, "आबा वारनात." आबा म्हणजे माझे सासरे.

त्याला आता दीड महिना होईल. माझं शिक्षण चौथीपर्यंत, लिहायची सवय नाही. पण त्यांच्याबद्दल मला जे माहीत आहे ते घरात दुसऱ्या कोणाला माहीत नाही, म्हणून लिहिते.

आबा तळोद्यातले जुने मिस्तरी. घरासमोर चिंचेखाली पोतं अंथरून बसायचे, तेच त्यांचं दुकान. मी लग्न होऊन आले तेव्हा गावात गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि बिघडली की प्रत्येक गाडी त्या चिंचेखाली यायची. आमच्यात सून सासऱ्यासमोर येत नाही, बोलत नाही. काही सांगायचं झालं तर दाराआडून बांगड्या वाजवायच्या. एकदा वाजल्या तर चहा, दोनदा वाजल्या तर जेवण. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. सात वर्षं आबांचं आणि माझं तेवढंच बोलणं.

पण दारात बसून मी बघत असायची. धान्य निवडता निवडता, पदर छातीपर्यंत ओढून, त्यातून बाहेरचं सगळं स्वच्छ दिसायचं. ते काय काढतात, कुठे ठेवतात, परत कोणत्या क्रमाने लावतात... मला पाठ झालं होतं. आणि आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. आबा आता बघत नव्हते, चाचपत होते. पाना उचलण्याआधी त्यांचा हात जमिनीवर फिरायचा. बोल्टचे आटे ते अंगठ्याने तपासायचे. कोणी हत्यार इकडचं तिकडे ठेवलं की घर डोक्यावर घ्यायचे. सगळे म्हणायचे, म्हातारपणी तापट झाले. मला कळलं होतं, डोळे गेले.

त्या वर्षी शेठजींच्या जीपची दांडी झिजली. लढाईतली जुनी जीप, लिलावात घेतलेली. घाट उतरताना गिअर आपोआप सुटायचा. हे एका गुडघ्याने दांडी दाबून धरत अक्राणीहून खाली यायचे, आणि घरी आले की गुडघ्याला तेल लावत बसायचे. शेठजी म्हणाले, गाडी धुळ्याला पाठवू. आबा म्हणाले, "मी मरी गऊ का? सामान मंगाडी ल्या." मग एस्टीने नवी दांडी आली, तिची स्प्रिंग आली, गिअर सरकवणारा चिमटा आला, वरची रबरी टोपी आली. ह्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं घेऊन डोंगरात जायचं होतं. आदल्या दुपारी आबा कामाला बसले आणि शेठजी खुर्ची टाकून समोर बसले. हे पेट्रोलचे डबे आणायला गेले होते.

आबांनी गिअरबॉक्सचं झाकण काढून पोत्यावर घेतलं. त्यात दोन सळया असतात, आणि प्रत्येक सळईखाली स्प्रिंगवर एक पोलादी छर्रा. हरभऱ्याच्या दाण्याएवढा. गिअर जागेवर धरून ठेवतो तो छर्रा. आबांनी सळई ओढली तसा एक छर्रा उडाला, झाकणावरून पोत्याच्या कडेला पडला. आबांना कळलं नाही. शेठजी पानाला चुना लावत होते. मी पाहिलं.

आबांनी नवी दांडी आणि नवा चिमटा बसवला, सळया सरकवल्या, झाकण जागेवर ठेवलं. मी बांगड्या वाजवल्या. ते वर न बघता म्हणाले, "चहा तठेच ऱ्हाऊ दे. हात भरेल शेतस." मी पुन्हा वाजवल्या, दोनदा. "जेवाले येस ना! काय घाई शे?" शेठजी हसले. "आबाजी, सूनबाई तुम्हाला उपाशी मरू देणार नाही." आबा बोल्ट आवळायला लागले. एक, दोन, तीन...

बोलले तर शेठजींसमोर आबांना दिसत नाही हे उघडं पडणार, आणि सुनेने तोंड उघडलं हे गावभर होणार. नाही बोलले तर उद्या घाटात हे असणार. चौथा बोल्ट लागला तेव्हा माझा आवाज निघाला. मलाच परका वाटला.

"आबा, एक छर्रा खाले पडेल शे. पोताजोडे."

आबांचा हात थांबला. शेठजींचा पानाचा हातही तोंडाजवळ थांबला. मग ते म्हणाले, "काय आबाजी, आता घरात दोन मिस्तरी?" मी भिंतीला चिकटून उभी होते. आबांनी पाना खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाले, "तिना नवरा जाई ऱ्हायना घाटम्हा, शेठ. ती नही बोली ते कोन बोली?" आणि चारही बोल्ट परत काढले. छर्रा शोधायला हात पोत्याच्या कडेने फिरवला. मी हळूच सांगत होते, डाव्या हाताला... अजून थोडा पुढे.

त्या दिवसापासून आबा काम करताना एकेक वस्तू नाव घेऊन खाली ठेवायचे. "ही स्प्रिंग. हाऊ वायसर." आणि थांबायचे. मी आतून "हा" म्हणायची, किंवा "नही, दुसरा." मग पुढचं काम. हे म्हणायचे, आबा हल्ली स्वतःशीच बडबडतात. आठ वर्षं असं चाललं. मयताला आलेली माणसं म्हणत होती, आबांनी शेवटपर्यंत चष्मा लावला नाही.

आखाजीला निघायच्या आदल्या दिवशी एका जीपची दांडी त्यांच्याकडे आली होती. मला म्हणाले, "जोडे ये वं पोरी. कान बी गयात आते." मी उंबरठ्याबाहेर एक पाऊल टाकलं आणि परत मागे घेतलं. आवाज मोठा करून आतूनच सांगितलं. ते "बरं" म्हणाले.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. दुपारी मी एकटीच चिंचेखाली गेले आणि आबांच्या पोत्यावर बसले. पदर मागे सारला. लख्ख ऊन होतं. तिथून मी आमच्या दाराकडे पाहिलं. दार काळं दिसत होतं, नुसता काळा चौकोन.

"तठे काय करी ऱ्हायनी वं?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

माझे डोळे चांगले आहेत. तरीही मला दारात कोणी दिसलं नाही. आवाज तेवढा आला. मी "आते येस" म्हटलं, आणि तिथेच बसून राहिले.